दानपत्रात न लिहिलेली अट

मध्य प्रदेशातील छतरपूरच्या एका वृद्ध मातेने १९६८ मध्ये घेतलेली मालमत्ता २०१९ मध्ये दानपत्राने मुलाच्या नावे केली. तो आपला सांभाळ करील, हे वचन वेगळ्या कागदावर घेतले होते, असे तिचे म्हणणे. मुलाने तो कागद नाकारला. वाद प्रांताधिकाऱ्यांपासून निघून दिल्लीस पोहोचला. २ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दानपत्र रद्द ठरवून ताबा आईला देण्याचा आदेश दिला.

आधार होता २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातील कलम २३. मूलभूत गरजा भागवण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास, दात्याला परत मागता येते. मात्र २०२२ मध्ये याच न्यायालयाने, अशी अट होती हे सिद्ध झालेच पाहिजे, असे बजावले होते. दोन्ही निकाल द्विसदस्यीय खंडपीठांचे. म्हणजे म्हातारपणाचे छप्पर एका वाक्यावर उभे, आणि ते वाक्य बहुतेक दानपत्रांत नसते.

जिल्हाधिकारी या नात्याने या कायद्याखालील अपिले मी ऐकली आहेत. दस्तात ‘प्रेम व आपुलकीपोटी’ हे शब्द ठरलेले. अट का घातली नाही, असे विचारले की उत्तर येई : पोटच्या पोराकडून लिहून कसे घ्यायचे?

हा संकोच जुना नाही. बंगालात जीमूतवाहनाच्या दायभागानुसार पित्याच्या हयातीत पुत्राला हक्कच नव्हता. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेने वडिलार्जित मिळकतीत तो जन्मतः दिला. सांभाळ आणि वारसा यांची सांगड कशी घालावी, यावर आपले धर्मशास्त्रकार मुळीच संकोच न बाळगता वाद घालीत. (स्त्रीच्या वाट्याला मात्र दोन्हीकडे तुटपुंजेच आले.)

आजचे शासन देण्याची वाट सुकर करते. उत्तर प्रदेशाने २०२२ मध्ये कुटुंबातील दानपत्रांवरील मुद्रांक शुल्क ५,००० रुपयांवर आणले. देणाऱ्याच्या पुढच्या वीस वर्षांचे काय? न्यायाधिकरणाने द्यावयाच्या निर्वाह रकमेची कमाल मर्यादा २००७ च्या कायद्यात महिना १०,००० रुपये आहे. ती हटवणारे २०१९ चे विधेयक लोकसभेच्या मुदतीबरोबर निकालात निघाले. सत्तरीपुढील सर्वांना २०२४ पासून आयुष्मान भारतचे कवच मिळाले, पण ते रुग्णालयातील उपचारांपुरते. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाजवळ रात्री बसणाऱ्या मदतनिसाचा पगार त्यात नाही. तो पगार घरातूनच, बहुधा त्या घराच्या किमतीतूनच, द्यावा लागतो.

मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते, आणि तोवर मालकी आपल्याकडेच राहते. विचारणाऱ्यांना मी प्रथम हेच सांगतो. दानच करायचे, तर हयातभर राहण्याचा हक्क राखावा आणि शुश्रूषेचा खर्च कोणी करायचा, हे त्याच दस्तात लिहावे. दुय्यम निबंधकाने नोंदणीपूर्वी दात्याला एकट्याला बोलावून हे विचारण्याचे बंधन राज्ये आपल्या नियमांत घालू शकतात. एवढ्यासाठी संसदेची वाट पाहण्याचे कारण नाही.