खोकल्याआधी आवळा

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका फिजिओथेरपी दवाखान्यात गुडघ्यांच्या आणि मानेच्या पेशंटांमध्ये अधूनमधून एखादी तरुण बाई येऊन बसते. काय होतंय विचारलं की आधी कंबरेचं सांगते. पडदा ओढला गेला की मग खरं बाहेर येतं : "मॅडम, शिंकलो की हुतंय." शिंकलं की, हसलं की, गाडी गतिरोधकावर आदळली की, तांबड्या रश्श्याचा ठसका लागला की लघवी गळते. गौरीच्या फुगड्यांना तर ती पहिल्या बाळंतपणापासून उभीच राहिलेली नाही.

फिजिओथेरपिस्टची आणि अशाच एका बाईची परवानगी घेऊन मी कोपऱ्यात बसले होते. आतून तपासायची वेळ आली तेव्हा बाहेर गेले.

सुरुवात व्यायामाने होत नाही, प्रश्नांनी होते. पाणी किती पिता, किती वेळा जाता, जोर द्यावा लागतो का, शौचाला कुंथावं लागतं का. तीन दिवस हे सगळं वहीत लिहून आणायचं. ही बाई शाळेत शिकवते, म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाही, आणि घरातून निघताना गरज नसली तरी एकदा जाऊनच येते. दोन्ही सवयी तिला शहाणपणाच्या वाटत होत्या. पाणी कमी पडलं की लघवी दाट होते आणि मूत्राशयाला आणखी चाळवते. पुन्हा पुन्हा उगाच गेलं की थोडं साठलं तरी ते घाई करू लागतं.

मग स्नायूंची गोष्ट. समोरच्या जांघेच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत पसरलेला हा थर मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय खालून तोलून धरतो. बाळ बाहेर येताना तो विलक्षण ताणला जातो. सिझेरियन झालेल्या बायकांनाही हा त्रास होतो, कारण नऊ महिन्यांचं वजन त्याच थराने पेललेलं असतं.

"शू आणि वारा दोन्ही एकदम अडवायचंय असं समज, आणि आत, वर ओढ." बाईने श्वास कोंडला, नितंब आवळले, मांड्या जुळवल्या. पोट पुढे आलं. नेमका स्नायू तेवढा जागच्या जागी. "श्वास सोड ताई. पोट सैल. मला बाहेरून काही दिसायलाच नको." दिसायला नको आणि व्हायला तर हवं, हीच या कामातली मेख आहे. म्हणून बाईच्या संमतीने हातमोजा घालून बोटाने ताकद तपासतात आणि शून्य ते पाच असे गुण देतात. हिला दोन मिळाले. "म्हणजे नापास की!" ती म्हणाली आणि मोठ्याने हसली, मग एकदम हसू आवरलं.

तिच्या फाईलमध्ये प्रसूतीनंतर मिळालेली चिठ्ठी होती : 'केगल व्यायाम करावेत.' अर्नोल्ड केगल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने हे व्यायाम 1948 साली मांडले, तेव्हा स्नायू आवळल्याचा दाब मोजणारं उपकरणही तो वापरत होता. बाईला आपण करतोय ते बरोबर की चूक हे त्या काट्यावर दिसे. चिठ्ठीत नाव उरलं, काटा गळाला. नुसतं ऐकून करणाऱ्या कितीतरी बायका आत ओढण्याऐवजी खाली ढकलतात, आणि त्याने त्रास वाढतो. गंगावेस-मोतीबाग तालमींच्या या गावात कुस्तीला वस्ताद लागतो हे कुणाला पटवावं लागत नाही. बाळंतिणीला मात्र आपण कागद देतो.

व्यायाम दिसायला किरकोळ आहे. झेपतील तेवढे आकडे मोजत आवळून धरायचं, तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडायचं. एका वेळी किमान आठदा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. सोडणंही धरण्याइतकंच शिकावं लागतं. लघवी करताना मध्येच धार थांबवून रोजचा सराव मात्र करायचा नाही. आणि शिंक, खोकला येतोय असं वाटलं की आधी आवळायचं, मग शिंकायचं. ही युक्ती मला सगळ्यात आवडली, कारण ती मूल कडेवर असतानाही जमते.

सोबत आलेल्या सासूबाई इतका वेळ गप्प होत्या. "असतंय की त्ये, पोरं झाली की. आम्ही पोट घट्ट बांधायचो." फिजिओथेरपिस्ट वाद घालत बसल्या नाहीत. "बांधा मावशी, पण श्वास अडेल इतकं नको. दाब खालीच जातो." थोड्या वेळाने मावशींनीच हळू आवाजात विचारलं, "आता या वयात बी हुईल का?" होतं. साठीतही हे स्नायू ताकद धरतात.

सगळ्यांचंच यावर भागत नाही. लघवीला जळजळ असेल, रक्त जात असेल, अंग बाहेर येत असेल, तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवायला हवं. पण नुसती गळती असेल तर पहिला उपचार हाच, शस्त्रक्रिया नंतरची. म्हणून बाळंतपणानंतर दीड महिन्याच्या तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका. 'गळतंय' एवढं स्पष्ट सांगा, आणि चिठ्ठी नको, शिकवणारं माणूस सुचवा म्हणा.