पानाचा रंग : पडद्यावरचा व कागदावरचा

चुनखडीच्या जमिनीत उसाची कोवळी पाने शिरा हिरव्या राहून मधे पिवळी पडली, तर लोहाची कमतरता संभवते. खालची जुनी पाने आधी सरसकट पिवळी पडली, तर नत्राची. माहितीपत्रकातील छायाचित्रात हा भेद पुसला गेला, तर शेतकरी लोहाऐवजी युरियावर पैसा घालून बसतो.

संगणकाचा पडदा लाल, हिरवा व निळा प्रकाश स्वतः बाहेर टाकतो. छापील कागदावर मात्र शाईतून परतलेलाच प्रकाश दिसतो. त्यामुळे पडद्यावरची तजेलदार पोपटी छटा शाईला पुष्कळदा साधत नाही. शिवाय पडदा बहुधा अवाजवी उजळ ठेवलेला असतो. मग छापा काळवंडला की दोष छापखान्याच्या माथी!

यास्तव पडद्याची उजळता इतकी उतरवावी, की त्यावरील पांढरा भाग शेजारी धरलेल्या कोऱ्या कागदासारखा दिसावा. छायाचित्र घेताना पानाजवळ करडे कार्ड ठेवावे, म्हणजे सायंकाळच्या उन्हाची पिवळी झाक नंतर काढता येते. छापखान्याकडून त्या कागदाचे व शाईचे कलर प्रोफाइल मागवून त्याप्रमाणे छाप्याचे रूप पडद्यावर आधी पाहावे. अखेर एक नमुनाप्रत काढून ती ताज्या तोडलेल्या पानाशेजारी, दुपारच्या उजेडात पण सावलीत, पडताळावी, दिव्याखाली नव्हे.