आधार घेऊन केलेली आसनं

लोड, उशा, रजया घेऊन केलेल्या आसनांना पुष्कळजण आळशांचा योग समजतात. मला हा समज मुळातच चुकीचा वाटतो. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी लोड, पट्टे, लाकडी विटा यांचा वापर रुजवला तो थकलेल्या, आजारी माणसालाही आसनात टिकता यावं म्हणून. शरीर तोलून धरावं लागतं तोवर स्नायू सैल पडत नाहीत. आधार मिळाला, श्वास संथ झाला, की हृदयाची गतीही उतरते. घरी सुप्त बद्धकोणासन करून पाहा. पाठीखाली रजईची लांबट घडी, डोक्याखाली उशी, बैठक जमिनीला टेकलेली, तळपाय जुळवलेले आणि दोन्ही गुडघ्यांखाली एकेक उशी. मांडीत ओढ जाणवली तर त्या उशा उंच करा. इथे ताण सोसण्यात काहीच कमाई नाही.

मग सरळ झोपच का काढू नये? झोप हवीच, तिला हा पर्याय नव्हे. पण इथे माणूस जागेपणी जबडा, खांदे, पोट सैल सोडायला शिकतो, आणि ती सवय कामाच्या धबडग्यातही उपयोगी पडते. घरात निवांतपणा मिळत नाही, ही अडचण खरी आहे. तरी फोन बाहेर ठेवून, दार लोटून दहा मिनिटं काढाच. गरोदर स्त्रियांनी आणि कंबरदुखी असणाऱ्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावं.