जलद नमुनानिर्मिती : लातूर-नांदेडच्या यंत्रशाळांपुढील संधी

लातूर शहरालगत हरंगुळ येथे उभारण्यात आलेल्या मराठवाडा रेल्वे डबा कारखान्याची कोनशिला ३१ मार्च २०१८ रोजी बसविण्यात आली आणि २५ डिसेंबर २०२० रोजी तेथे पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. मोकळ्या माळावर अवघ्या पावणेतीन वर्षांत भव्य कारखाना उभा राहावा ही मराठवाड्यासारख्या औद्योगिकदृष्ट्या मागे राहिलेल्या विभागात निश्चितच अभिमानाची बाब होती. परंतु त्यानंतर नियमित उत्पादनाची वाट पाहण्यात बराच काळ गेला. इमारत होती, यंत्रे होती. पण तेथे नेमके कोणते उत्पादन करावयाचे, याचा निर्णय व्हावयाचा होता. सप्टेंबर २०२३ मध्ये 'वंदे भारत' शयनयान गाड्यांचा करार झाला. प्रथम १६ डब्यांच्या १२० गाड्या ठरल्या होत्या. पुढे २४ डब्यांच्या ८० गाड्या असे त्याचे स्वरूप झाले. एकूण डबे तेवढेच, म्हणजे १,९२०. परंतु गाडीची लांबी बदलली की खानपानाची सोय, स्वच्छतागृहांची संख्या, सामानाची जागा या सर्वांचा पुन्हा विचार करावा लागतो, आणि तो कागदावर होईपर्यंत कारखान्यातील यंत्रे थांबून राहतात.

हे उदाहरण सुरुवातीसच देण्याचे कारण असे की, कारखाना म्हणजे इमारत आणि यंत्रसामग्री, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वसाहतीसाठी जमीन मिळाली, वीज आली, शेड उभी राहिली की उद्योग आला, असे आपण समजतो. प्रत्यक्षात वस्तू काय करावयाची, ती कशी असावी, ती वापरणाऱ्याच्या हातात टिकेल काय, या प्रश्नांची उत्तरे मिळविण्यास जो काळ लागतो, तोच पुष्कळदा इमारतीच्या काळापेक्षा अधिक असतो. हा काळ कमी करण्याचे जे तंत्र गेल्या चाळीस वर्षांत विकसित झाले, त्यास 'जलद नमुनानिर्मिती' असे म्हणता येईल.

सुताराच्या साच्यापासून प्रकाशाच्या किरणापर्यंत

कोणतीही वस्तू मोठ्या संख्येने करण्यापूर्वी तिचा एक आद्य नमुना करून पाहावा लागतो. ओतकामाच्या धंद्यात हे काम परंपरेने सुताराकडे असे. तो लाकडाचा साचा घडवी, त्यावरून वाळूत ठसा घेतला जाई, त्यात वितळलेला धातू ओतला जाई, आणि मग लेथवर तो भाग नेमक्या मापाचा केला जाई. नमुना चुकला तर हे सर्व पुन्हा पहिल्यापासून! एका भागामागे काही आठवडे जाणे ही नित्याची गोष्ट होती आणि अनेक ठिकाणी आजही आहे.

नमुन्यातून शिकण्याचे मोल आपल्या राज्याने फार पूर्वी पाहिले आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९०३ च्या सुमारास बेळगाव येथे लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशा समजुतीने शेतकरी तो घेण्यास तयार नव्हते. पहिले नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली. पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि त्या नांगराने महाराष्ट्राच्या शेतीत आपले स्थान मिळविले, हे सर्वज्ञात आहे. शेतीच्या अवजाराची खरी परीक्षा कारखान्यात होत नाही, शेतात होते, हा त्यातील धडा आजही लागू आहे.

नव्या तंत्राची सुरुवात जपानमध्ये हिदेओ कोदामा यांच्या १९८१ च्या प्रयोगांपासून मानली जाते. अमेरिकेत चार्ल्स हल यांनी १९८४ मध्ये अर्ज करून १९८६ मध्ये एकस्व मिळविले. प्रकाशकिरणांनी द्रव राळेचा पातळ थर घट्ट करावयाचा, त्यावर दुसरा, मग तिसरा, आणि अशा थरांतून संगणकातील आकृती प्रत्यक्षात उतरवावयाची, ही त्यांची पद्धत. त्यानंतर काही वर्षांनी स्कॉट क्रम्प यांनी वितळलेल्या प्लॅस्टिकची बारीक तार सोडून थर रचण्याची पद्धत काढली. आपल्या लहान मुलीसाठी गोंदाच्या गरम पिस्तुलाने खेळण्यातील बेडूक करताना ही कल्पना त्यांना सुचली, असे सांगतात. या पद्धतीच्या मूळ एकस्वाची मुदत २००९ मध्ये संपली आणि लाखांच्या किमतीचे यंत्र काही हजारांत मिळू लागले. आज ज्यास आपण 'थ्रीडी प्रिंटर' म्हणतो, ते बहुधा याच पद्धतीचे यंत्र असते.

एका चकतीची गोष्ट

प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर आहे आणि यंत्रशाळेत शिरताच काही न समजल्याचे भाव त्याच्या चेहऱ्यावर उमटतात. तरीही लातूर रस्त्यावरील एका लहानशा अवजार कार्यशाळेत या विषयाची उकल फार सोप्या रीतीने झाली. तेथे बैलांची आणि ट्रॅक्टरची पेरणी यंत्रे तयार होतात. लातूर आणि नांदेड हे सोयाबीनचे जिल्हे. रुंद सरी-वरंबा पद्धतीच्या पेरणी यंत्रांना येथे मागणी आहे, कारण पाऊस कमी पडला तर वरंब्यात ओल टिकते आणि जास्त झाला तर सरीतून पाणी निघून जाते.

अशा यंत्राचा प्राण म्हणजे बियाण्याची चकती. चकतीच्या कडेला खाचा असतात. यंत्राचे चाक जमिनीवर फिरले की चकती फिरते, एका खाचेत एक दाणा येतो आणि नळीवाटे जमिनीत पडतो. हिशेब साधा आहे. चाकाचा परीघ दीड मीटर असेल, चाकाच्या एका फेऱ्यात चकतीचा एक फेरा होत असेल, आणि दोन दाण्यांत ५ सेंटिमीटर अंतर हवे असेल, तर चकतीला ३० खाचा हव्यात. पण चाक ओल्या काळ्या जमिनीत घसरते. ते शेकडा दहा घसरले तर एका फेऱ्यात यंत्र सुमारे १ मीटर ६७ सेंटिमीटर पुढे जाते आणि अंतर ५ ऐवजी साडेपाच सेंटिमीटरच्या वर जाते. एकरभर शेतात हजारो रोपे कमी होतात. शिवाय सोयाबीनच्या दाण्याची साल नाजूक असते. खाच अरुंद असेल तर दाणा फुटतो, रुंद असेल तर दोन दाणे जातात. वाणागणिक दाण्याच्या आकारातही थोडा फरक पडतो. जेएस-३३५ साठी केलेली खाच परभणी कृषी विद्यापीठाच्या एखाद्या वाणाला तंतोतंत बसेलच असे नाही.

तेव्हा खाचेचे माप किती असावे? सूत्राने जवळपास पोहोचता येते. नेमके माप करून पाहिल्याखेरीज कळत नाही. कार्यशाळेच्या भिंतीवर एका तारेत जुन्या ॲल्युमिनियमच्या चकत्या ओवून टांगलेल्या होत्या. त्यांकडे बोट दाखवून मालक म्हणाले, "साहेब, ही एकेक चकती म्हणजे आमचं एकेक वर्ष आहे." आरंभी हे बोलणे अतिशयोक्तीचे वाटले. परंतु विचार करता त्यातील सत्य पटते. सोयाबीनची पेरणी मृगाच्या पावसानंतर, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर, मोजक्या दिवसांत होते. त्या दिवसांत शेतात चकती चुकीची ठरली, तर दुरुस्त चकती ओतून येईपर्यंत पेरणी संपलेली असते. पुढची परीक्षा पुढच्या जूनमध्ये. पुण्याच्या मोटार कारखान्याला वर्षात बारा महिने चाचणी घेता येते. लातूरच्या अवजारवाल्याला वर्षातून एकदाच. जलद नमुनानिर्मितीचे महत्त्व शहरातील मोठ्या उद्योगापेक्षा या लहान कार्यशाळेला अधिक आहे, ते यामुळे.

नव्या पद्धतीत हीच चकती संगणकावर रेखाटली जाते. दहा मिलिमीटर जाडीची चकती ०.२ मिलिमीटरच्या थरांनी रचली तर ५० थर होतात आणि काही तासांत हातात पडते. खाचांचे माप अर्ध्या मिलिमीटरने वाढवून दुसरी, आणखी अर्ध्याने वाढवून तिसरी, अशा चार-पाच चकत्या एका आठवड्यात होतात. त्या तपासण्यासाठी पावसाचीही वाट पाहावी लागत नाही. लांब पट्ट्यावर ग्रीसचा थर द्यावयाचा, त्यावर यंत्रातून बियाणे पाडावयाचे, दाणे जेथल्या तेथे चिकटतात. मग टेपने अंतर मोजावयाचे आणि फुटलेले दाणे वेचावयाचे. कृषी अभियांत्रिकीत ही चिकट पट्ट्याची चाचणी प्रसिद्ध आहे. दिवाळीनंतर काम हाती घेतले तर मृगापूर्वी दहा-बारा चकत्यांची पारख सहज होते. जुन्या हिशेबाने हे दहा-बारा वर्षांचे शिक्षण होते.

येथे एका गैरसमजाचे निराकरण करणे आवश्यक आहे. छापलेली चकती ही विक्रीची वस्तू नव्हे. या यंत्रांत सर्रास वापरले जाणारे पीएलए नावाचे प्लॅस्टिक साठ अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडते. मे महिन्यात पत्र्याखाली किंवा बंद जीपमध्ये ठेवलेली चकती वाकडी झाल्यास नवल नाही. थरांच्या सांध्यावर ती कमजोर असते. खताचा क्षार, माती, सततचे घर्षण यांनी धातूची किंवा पक्क्या प्लॅस्टिकची चकती किती दिवसांत झिजेल, हे छापील नमुना सांगू शकत नाही. हजारो चकत्या काढावयाच्या तर डाय करावीच लागते आणि तिचा खर्च मोठा असतो. तो करण्यापूर्वी माप बरोबर असल्याची खात्री करून घेणे, एवढेच नमुन्याचे काम. पण तेच काम आजवर सर्वांत महाग पडत होते.

साधने जवळ आहेत

या तंत्रासाठी मुंबई-पुण्याकडे धाव घ्यावी लागेल असे नाही. नांदेड येथील श्री गुरू गोबिंद सिंहजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था १९८१ पासून कार्यरत असून उत्पादन अभियांत्रिकी हा तेथील एक विषय आहे. लातुरात पूरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. २०१६ पासून नीती आयोगाच्या योजनेतून शाळांना 'अटल टिंकरिंग' प्रयोगशाळा देण्यात येत असून त्यांतील साहित्यात थ्रीडी प्रिंटरचाही समावेश असतो. काही शाळांत तो यंत्रप्रदर्शनाच्या दिवशीच सुरू होतो आणि एरव्ही त्यावर कापड घातलेले असते, ही खेदाची गोष्ट नमूद करावी लागते. शिक्षकांनी गावातील लोहार, सुतार, मोटार दुरुस्तीवाले यांच्याकडून मोडका भाग मागवून तो मुलांना मोजावयास आणि रेखाटावयास दिला, तर ताज महालाची छोटी प्रतिकृती छापण्यापेक्षा ते शिक्षण अधिक मोलाचे होईल.

ग्रामीण भागात असे घडू शकते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापन केला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या सहकार्याने २००२ मध्ये तेथे 'फॅब लॅब' सुरू झाली. त्या संस्थेच्या आवाराबाहेरील जगातील अगदी आरंभीच्या अशा प्रयोगशाळांत तिची गणना होते. वैद्यकीय उपकरणांच्या क्षेत्रात, राज्याच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या साहाय्याने मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये 'बेटिक' हे केंद्र उभे राहिले. तेथे डॉक्टर आणि अभियंते एकत्र बसून रुग्णालयातील अडचणींवर उपकरणांचे नमुने करतात.

मोठ्या उत्पादनातही वेग शक्य आहे. चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीने 'ट्रेन १८' ही गाडी सुमारे अठरा महिन्यांत आराखड्यापासून रुळांवर आणली. तिचे नावच त्या वर्षावरून पडले. १५ फेब्रुवारी २०१९ रोजी तीच गाडी 'वंदे भारत' नावाने दिल्लीहून वाराणसीस निघाली. लातूरच्या कारखान्याकडे आलेले काम त्याच कुळातील आहे.

नुकसान कोणाचे?

एक प्रश्न मात्र यंत्राने सुटणारा नाही. चिकट पट्ट्यावर उत्तम ठरलेली चकतीही शेवटी कोणाच्या तरी शेतात उतरावी लागते. ती चुकली तर उगवण विरळ होते आणि त्या शेतकऱ्याचा हंगाम जातो. कार्यशाळेचा मालक एक चकती गमावतो, शेतकरी वर्षाचे उत्पन्न. म्हणूनच जाणते शेतकरी प्रयोगाला बांधावरूनच नमस्कार करतात, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

नव्या वाणांची पारख कृषी संशोधन केंद्रे स्वतःच्या चाचणी-क्षेत्रावर करतात. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचे 'नांदेड-४४' हे संकरित वाण शेतकऱ्यांपर्यंत आले, ते अशा चाचण्यांतून पार पडूनच. अवजारांसाठी गावपातळीवर अशी सोय क्वचितच आढळते. ग्रामपंचायतीची किंवा गावातील संस्थेची दहा-वीस गुंठे जमीन चाचणीसाठी राखून ठेवता येईल. तेवढी जमीन नसेल, तर स्वेच्छेने पुढे येणाऱ्या शेतकऱ्याच्या शेतातील चार तासे घ्यावीत, आणि पीक कमी आल्यास द्यावयाची भरपाई आधीच लेखी ठरवावी. चार तासांची भरपाई फार मोठी नसते. कार्यशाळा, अवजार बँक चालविणारा गट आणि पंचायत मिळून ती उचलू शकतात. हा ठराव उन्हाळ्यातील ग्रामसभेत, अक्षय तृतीयेच्या आसपास झाला, तर मृगाच्या पहिल्या पावसापूर्वी तासे आखून ठेवता येतात. उगवणीनंतर दहाव्या-बाराव्या दिवशी एक मीटर लांबीत किती रोपे आली हे शाळेतील मुलांनी मोजून वहीत लिहावे आणि ती वही कार्यशाळेस द्यावी. पुढील चकतीचे माप त्या आकड्यांवरून ठरेल.