दह्याविना सांडगी मिरची

हिरव्या मिरचीची आवक एकाच वेळी वाढली म्हणजे बाजारभाव उतरतात आणि तोडणीची मजुरीही सुटणे कठीण होते. हिरवी मिरची नाशवंत असल्याने ती फार दिवस राखून ठेवता येत नाही. अशा वेळी थोडा माल घरीच ठेवून त्याची सांडगी मिरची करणे, ही आपल्याकडील जुनी व उपयुक्त रीत आहे. मसाला भरून दह्यात मुरविलेली व उन्हात वाळविलेली ही मिरची तळली म्हणजे वर्षभर जेवणात तोंडी लावण्यास होते.

या रीतीत एक अडचण येते ती दह्याची. एक किलो मिरचीस सुमारे अर्धा लिटर दही लागते. वाळवणाचे दिवस उन्हाळ्याचे. त्याच दिवसांत हिरव्या चाऱ्याअभावी जनावरांचे दूध कमी होते आणि असलेले दूध मुलाबाळांना पुरविणे अधिक अगत्याचे असते. शिवाय काही व्यक्तींना दुधातील प्रथिनांची ॲलर्जी असते. त्यांना दह्याचा अंशही अपाय करू शकतो. दूध, दही, तूप, मध आदी कोणताही प्राणिजन्य पदार्थ न घेणारे लोकही आता शहरांतून आढळतात. त्यांना ‘व्हीगन’ म्हणतात. या सर्वांसाठी दही न घालता सांडगी मिरची करता येते.

दह्याचे कार्य कोणते?

दही वगळण्यापूर्वी ते मिरचीत काय काम करते हे समजून घ्यावे. दह्यातील लॅक्टिक आम्लामुळे मिरचीला आंबटपणा येतो आणि दह्याच्या दाटपणामुळे मसाला मिरचीस धरून राहतो. परंतु मिरची वर्षभर टिकते ती मुख्यतः दह्यामुळे नव्हे. मीठ मिरचीतील पाणी बाहेर ओढते व ऊन ते उडवून लावते. पाणी उरले नाही म्हणजे बुरशी व जंतू यांची वाढ होऊ शकत नाही. म्हणून दह्याच्या जागी दुसरे आंबट द्रव्य वापरण्यास हरकत नाही. मात्र मीठ व वाळवण या दोन बाबतींत हयगय करून चालणार नाही.

आंबटपणासाठी काय वापरावे?

दह्याशी सर्वांत जवळचे द्रव्य म्हणजे पाण्यात आंबविलेली ज्वारीची आंबील. ५० ग्रॅम ज्वारीचे पीठ अर्धा लिटर स्वच्छ पाण्यात कालवून झाकून ठेवावे. उन्हाळ्यात साधारणपणे एका दिवसात त्यास आंबट वास येतो. पिठात मूळचेच असलेले जंतू येथे आम्ल तयार करतात आणि त्यातही दह्याप्रमाणेच लॅक्टिक आम्ल असते. म्हणून ताकाचे विरजण घालण्याची आवश्यकता नाही. आंबलेले पीठ दहा मिनिटे ढवळत शिजवावे व पूर्ण थंड करावे. त्याचा दाटपणा मसाला धरून ठेवण्यास उपयोगी पडतो. आंबविताना पिठावर रंगीत बुरशी दिसली किंवा घाण वास आला, तर ते फेकून द्यावे.

आंबील करणे सोयीचे नसल्यास पुढीलपैकी एक द्रव्य घ्यावे :

(१) लिंबाचा रस, १५० मिलिलिटर. हा दह्यापेक्षा पुष्कळच आंबट असल्याने थोडा पुरतो.

(२) चिंच, ६० ग्रॅम. ती २५० मिलिलिटर गरम पाण्यात भिजवून कोळ गाळून घ्यावा, एक उकळी आणावी व थंड करावा. याने मिरचीचा रंग काळपट होतो; चवीत दोष येत नाही.

(३) कोकणात आमसुलाचे आगळ, १५० मिलिलिटर. आगळात मीठ असतेच. म्हणून ते चाखून मसाल्यातील मीठ बेताने कमी करावे.

एक किलो मिरचीस लागणारे जिन्नस

मीठ १०० ग्रॅम, धणे ५० ग्रॅम, मेथी २० ग्रॅम, जिरे २० ग्रॅम, हळद १० ग्रॅम व हिंग ५ ग्रॅम. धणे, मेथी व जिरे मंद आचेवर कोरडेच भाजून जाडसर कुटावेत आणि त्यांत बाकीचे जिन्नस मिसळावेत.

कृती

जाड सालीच्या, बुटक्या व बेताच्या तिखट मिरच्या निवडाव्यात. किडलेल्या, नरमलेल्या किंवा डाग पडलेल्या मिरच्या बाजूस काढाव्यात. मिरच्या धुऊन स्वच्छ कापडाने कोरड्या पुसाव्यात. देठ ठेवून पोटाला एक उभी चीर द्यावी. चीर आरपार जाऊ देऊ नये. हे काम करताना हातांस तेल लावावे व डोळ्यांस हात लावू नये.

मसाला थोड्या आंबट द्रव्यात कालवून मिरच्यांत भरावा. भरलेल्या मिरच्या चिनी मातीच्या किंवा काचेच्या भांड्यात रचून उरलेले द्रव्य त्यांवर ओतावे आणि रात्रभर झाकून ठेवाव्यात. आंबट पदार्थाचा तांब्यापितळेवर परिणाम होऊन तो विषारी होण्याचा संभव असल्याने बिनकल्हईची भांडी मुळीच वापरू नयेत. ॲल्युमिनियमचे भांडेही टाळावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिरच्या निथळून स्वच्छ कापडावर एकेक सुटी पसरावी व वर पातळ कापड घालावे. सायंकाळी त्या पुन्हा उरलेल्या द्रव्यात टाकाव्यात. सर्व द्रव्य मुरेपर्यंत, म्हणजे दोन-तीन दिवस, असे करावे. त्यानंतर केवळ उन्हात वाळवावे व रात्री घरात घ्यावे, कारण दवाने दिवसाची वाळवण वाया जाते. कोरड्या प्रदेशात कडक उन्हात आणखी चार-पाच दिवस पुरतात. किनारपट्टीच्या दमट हवेत अधिक दिवस लागतात.

वाळवणाची परीक्षा

मिरची वरून वाळलेली दिसली तरी आतील मसाला ओलसर असू शकतो. मिरची मोडून पाहावी. ती कडकन मोडली पाहिजे. याहून खात्रीची परीक्षा वजनाची आहे. थोड्या मिरच्या बाजूस ठेवून त्यांचे वजन लागोपाठ दोन दिवस सायंकाळी करावे. वजनात घट झाली नाही म्हणजे वाळवण पुरे झाले असे समजावे.

ही काळजी केवळ चवीसाठी नाही. ओलसर मिरचीवर वाढणारी काही जातींची बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष निर्माण करते. हे विष यकृतास अपायकारक असून तळण्याने ते नष्ट होते असे मानू नये. म्हणून बुरशी आलेली मिरची पुसून किंवा पुन्हा वाळवून खाऊ नये. ती जनावरांसही घालू नये, कारण या विषाचा अंश दुधात उतरतो.

साठवण व उपयोग

मिरच्या पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत भराव्यात. गरम असताना भरल्यास आत पाण्याचे थेंब सुटतात. पावसाळ्यात बरणी अधूनमधून तपासावी व ओला हात लावू नये. खाण्यापूर्वी मिरच्या मंद आचेवर तेलात तळाव्यात. आंबील वापरलेल्या मिरच्या लवकर करपतात. दूध वर्ज्य असलेल्यांनी दहीभाताऐवजी वरणभात, खिचडी किंवा भाकरीबरोबर त्या घ्याव्यात. वरणावर तूप घेऊ नये. मिठाचे प्रमाण अधिक असल्याने रक्तदाब असणाऱ्यांनी बेतानेच खाव्यात.

गटांसाठी सूचना

विक्री करावयाची असल्यास महिला बचत गटांनी अन्नसुरक्षेची नोंदणी करून घ्यावी. ‘व्हीगन’ म्हणून माल विकण्यासाठी २०२२ चे केंद्रीय विनियम लागू आहेत. त्यांनुसार पदार्थात किंवा त्याच्या प्रक्रियेत प्राणिजन्य घटक वापरता येत नाही व ठरवून दिलेले चिन्ह लावावे लागते. म्हणून दह्याच्या मिरचीची भांडी व कापडे या कामी वापरू नयेत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गटापुढे प्रात्यक्षिक करताना एक किलो मिरचीचे दोन भाग करावेत. एक दह्यात व दुसरा आंबिलीत मुरवावा. दोन्ही सारखेच वाळवून, तळून चाखावयास द्यावेत आणि दोन्हींची बरणी पावसाळा संपेपर्यंत ठेवून पाहावी. मिरची टिकते ती मीठ व वाळवण यांमुळे, हे त्यावरून गृहिणींच्या स्वतःच्या अनुभवास येईल.