शाळेच्या मैदानावरची हरळी



शाळेच्या मैदानावर हिरवळ करावी अशी गोष्ट गावात निघाली, की कोणीतरी जाणता शेतकरी हटकून म्हणतो, “अहो गुरुजी, जी हराळी खणता खणता आमच्या कंबरा मोडल्या, तीच तुम्ही पोरांकडून लावून घेणार होय?” त्याचं म्हणणं खोटं नाही. कापसात नाहीतर उसात शिरलेली हरळी लवकर निघत नाही. पण ज्या गुणांमुळं ती शेतात नकोशी होते, त्याच गुणांमुळं ती मैदानावर हवीशी वाटते. ते गुण कोणते आणि वर्षभर तिची निगा कशी राखावी, एवढंच आज सांगायचं आहे.

हरळी दोन वाटांनी पसरते. तिच्या काही फांद्या जमिनीवरून धावतात, तर काही कांड्या जमिनीखालून सरकतात. पेरापेराला मुळं फुटतात आणि कोंब येतात. म्हणून वरचा पाला तुडवला, गुरांनी खाल्ला किंवा उन्हानं करपला, तरी खालची कांडी जिवंत राहते. गणपतीला आपण एकवीस दूर्वांची जुडी वाहतो, ती हीच. हे ऊन मागणारं गवत आहे. २५ ते ३५ अंश उष्णतेत ते जोमानं वाढतं आणि १५ अंशांच्या खाली त्याची वाढ जवळजवळ थांबते. दाट सावलीत ते टिकत नाही. तेव्हा वडाखाली, लिंबाखाली हिरवळीचा हट्ट धरू नये. तिथं पार बांधावा.

आता आपल्या हवेचा विचार करू. हिरवळीची जी वेळापत्रकं वाचायला मिळतात, ती पुष्कळदा समुद्रकाठच्या सौम्य हवेसाठी लिहिलेली असतात. रत्नागिरीकडे थंडी नावालाच पडते आणि पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या कितीतरी वर जातो. आपल्या पैठणला पाऊस सुमारे ७०० मिलिमीटर, आणि तोही मध्येच दडी मारणारा. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पौषातल्या रात्री चांगल्या गारठतात. त्यामुळं इथली हरळी वर्षातून दोनदा झोपते. थंडीत तिला डुलकी लागते आणि उन्हाळ्यात पाणी नसेल तर ती गाढ झोपी जाते. तिच्या झोपेच्या वेळा ओळखल्या, की निम्मी निगा झालीच म्हणून समजा.

सुरुवात वैशाखात करावी. मैदानाची माती नऊ इंच ते फूटभर खणून उन्हात तापू द्यावी. लव्हाळ्याच्या गाठी वेचून काढाव्यात. पुढं त्या फार छळतात. आपली काळी जमीन पावसात पाणी धरून ठेवते, म्हणून शंभर फुटांना एक फूट असा उतार ठेवावा. चांगलं कुजलेलं शेणखत मिसळावं. कच्च्या खतातून तणाचं बी येतं.

मृगाचा पाऊस मुरला, की लागवड करावी. हरळीच्या ताज्या कांड्या तीन-चार इंचांवर टोचाव्यात आणि एखादं पेर मातीत जाईल असं पाहावं. मग हलका रूळ फिरवावा. दोन महिने तरी त्यावर खेळू नये. पोरांनी इतके दिवस खेळायचं कुठं? म्हणून मैदानाचे दोन भाग करावेत. एक भाग यंदा लावावा, दुसरा पुढच्या वर्षी.

श्रावण-भाद्रपद हा हरळीच्या जागेपणाचा काळ. या दिवसांत आठ-दहा दिवसांनी कापणी करावी आणि उंची दीड-दोन इंच ठेवावी. एका वेळी पात्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापू नये. गवत फार वाढू देऊन मग एकदम भादरलं, तर खालचे पिवळे देठ उघडे पडतात. ज्यावर काही फवारलेलं नाही असा कापलेला हिरवा चारा गुरांना घालावा. गाजरगवत दिसलं, तर फुलावर येण्याआधी मुळासकट उपटावं. हे काम हातमोजे घालून मोठ्यांनी करावं, कारण त्यानं अंगाला खाज सुटते. युरिया द्यायचाच झाला, तर पावसाळ्यात गुंठ्याला एक किलो पुरे. पानं कोरडी असताना तो टाकावा आणि लगेच पाणी द्यावं, नाहीतर पानं करपतात.

दिवाळीनंतर वाढ मंदावते. कापणी कमी करावी, खत बंद करावं. पौषात हिरवळ फिकी पडली म्हणून घाबरू नये. झोपलेल्याला जेवायला वाढून उपयोग काय?

फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणात नाथषष्ठीची यात्रा भरते. दिंड्यांचा मुक्काम पडला, की मोकळी जागा तुडवली जाणारच. हरळी ते सोसते, पण माती दबून घट्ट होते आणि मुळांना हवा मिळत नाही. मुक्काम हलल्यावर जमीन थोडी ओली असताना टोकदार पहारीनं वीतभर अंतरावर तीन-चार इंच खोल भोकं पाडावीत आणि वर बारीक शेणखत पसरावं. याच सुमाराला ऊन वाढतं आणि ओल असेल तर हरळी जागी होऊ लागते.

आणि आता खरा प्रश्न, उन्हाळ्याच्या पाण्याचा. एका गुंठ्यावर एक इंच पाणी द्यायचं, तर अडीच हजार लिटरांहून जास्त लागतं, म्हणजे दोनशे लिटरांची बारा-तेरा पिंपं! पैठणजवळ गोदावरीवर जायकवाडीचं धरण आहे. १९६५ साली त्याचा पाया घातला गेला आणि १९७६ साली ते राष्ट्राला अर्पण झालं. पण नाथसागर जवळ असला, म्हणून प्रत्येक गावच्या टाकीत पाणी असतंच असं नाही. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, हे मराठवाडा विसरलेला नाही. जिथं बायाबापड्या हंडा घेऊन टँकरची वाट पाहतात, तिथं पिण्याचं पाणी गवताला घालणं शोभत नाही.

सुदैवानं हरळी ते मागतही नाही. चांगली रुजलेली हरळी पाण्यावाचून वाळून तपकिरी दिसते, पण खालच्या कांड्या तग धरतात. शंका आली तर एक कांडी उकरून मोडून पाहा. आत पांढरी आणि रसरशीत असेल, तर ती जिवंत आहे. पहिल्याच वर्षाची लागवड असेल, तर शाळेतल्या जेवणानंतर हात धुतलेलं, साबण नसलेलं पाणी पाटानं तिच्याकडे वळवावं. रोज शिंपडण्यापेक्षा एकदाच खोलवर भिजवून मग आठ-दहा दिवस थांबणं बरं. वरवर भिजवलं, तर मुळंही वरच राहतात.

राहिला त्या शेतकऱ्याचा आक्षेप. मैदानाच्या कडेनं दीड फूट खोल चर खणावा आणि त्यात डोकावणाऱ्या कांड्या महिन्याला छाटाव्यात. छाटलेल्या कांड्या बांधावर किंवा उकिरड्यावर टाकू नयेत. उन्हात पुऱ्या वाळवून मगच त्यांची विल्हेवाट लावावी. शेजाऱ्याच्या शेताची राखण हाही हिरवळीच्या निगेचाच भाग आहे.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवतो. पावसाळ्यात एका धावत्या फांदीच्या टोकाला दोरा बांधा आणि ती आठ दिवसांत किती पुढं गेली, हे मुलांना मोजू द्या. पेराला मुळं कुठं फुटली, ती दाखवा. वैशाखात तीच जागा पुन्हा दाखवा आणि वाळल्या गवताखालची पांढरी कांडी त्यांच्याच हातांनी उकरू द्या. पहिला पाऊस पडल्यावर चार-आठ दिवसांत तिथं कोंब दिसला, की तो धडा मुलांना वेगळा पाठ करावा लागणार नाही.