एका नावाची दोन गावे : सुखोथाईतला स्वस्तातला मुक्काम

थायलंडमधील सुखोथाई हे नाव ‘सुख’ आणि ‘उदय’ या दोन शब्दांचे आहे. सुखाचा उदय जिथे झाला, ते सुखोदय. बँकॉकच्या उत्तरेला सुमारे 430 किलोमीटरवर, योम नदीच्या खोऱ्यात हे गाव आहे. तेराव्या शतकात, 1238 च्या सुमारास, श्री इंद्रादित्य या राजाने ख्मेर सत्ता झुगारून इथे आपले राज्य उभे केले. त्याचा मुलगा रामखामहेंग याच्या काळात ते भरभराटीला आले. 1292 चा त्याचा शिलालेख हा थाई लिपीचा सर्वांत जुना नमुना मानला जातो. 1438 मध्ये हे राज्य अयुथ्थयाच्या राज्यात विलीन झाले आणि राजधानी ओस पडत गेली. 1991 साली युनेस्कोने सुखोथाई, सी सच्चनालय आणि कांफेंग फेत या तीन जुन्या नगरांना मिळून जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

फुकेत किंवा पट्टायासारखी गर्दी इथे नाही. रात्री नऊनंतर रस्ते निजतात. तळ्यांच्या काठी विटांचे स्तूप, कमळे आणि सायकलवरून फिरणारे मोजके पर्यटक, एवढेच इथले रोजचे चित्र. खोल्याही स्वस्त आहेत. तरीही इथला मुक्काम ठरवताना पुष्कळ जण एका गोष्टीत फसतात : सुखोथाई नावाची गावे दोन आहेत.

जुने की नवे?

पहिले नवे सुखोथाई. हे योम नदीकाठचे जिल्ह्याचे गाव. बाजार, बँका, बसस्थानक, इस्पितळ सगळे इथेच. दुसरे जुने सुखोथाई, म्हणजे स्थानिक भाषेत ‘मुआंग काव’. हे नव्या गावाच्या पश्चिमेला 12 किलोमीटरवर आहे. तटबंदीतले मूळ नगर, ऐतिहासिक उद्यान आणि रामखामहेंग राष्ट्रीय संग्रहालय हे सारे या जुन्या गावात. उद्यानाच्या पूर्वेकडील रस्त्यालगत छोटी अतिथिगृहे, सायकलची दुकाने आणि खाणावळी दाटीने उभ्या आहेत.

बुकिंगच्या संकेतस्थळांवर दोन्हीकडची हॉटेले ‘सुखोथाई’ याच नावाखाली येतात. त्यात बँकॉकमध्ये सुखोथाई याच नावाचे एक आलिशान हॉटेल आहे, तेही शोधताना मध्येच डोकावते. म्हणून हॉटेलच्या नावावर न जाता नकाशा उघडून ते उद्यानाच्या तटबंदीपासून किती दूर आहे, हे आधी पाहावे.

नव्या गावातली खोली बहुधा थोडी स्वस्त पडते. पण हिशेब तिथेच थांबत नाही. समजा, नव्या गावात खोली 500 बाथला आणि जुन्या गावात तशीच खोली 650 बाथला मिळते. दोन्ही गावांमध्ये सोंगथेव धावतात. सोंगथेव म्हणजे मागच्या बाजूला समोरासमोर दोन बाकडी टाकलेली उघडी गाडी, आपल्याकडच्या वडापसारखी. तिचे भाडे माणशी साधारण 30 बाथ. दोघांचे जाणे-येणे धरले की 120 बाथ झाले. म्हणजे 150 बाथच्या बचतीतले हाती उरले 30. शिवाय सोंगथेव संध्याकाळी लवकर बंद होते. ती चुकली की खासगी गाडी करावी लागते आणि बचत उलटी फिरते.

याहून मोठा फरक वेळेचा आहे. उद्यान सकाळी साडेसहाच्या सुमारास उघडते. मुक्काम जुन्या गावात असेल, तर उन्हे चढण्याआधी वाट महाथाट या मंदिराच्या तळ्यापाशी पोहोचता येते. तिथला कमळाच्या कळीच्या आकाराचा मुख्य स्तूप ही सुखोथाई शैलीची खूण. नऊ-दहाच्या पुढे सहलींच्या बस येऊ लागतात आणि ऊनही तापते. दोन-तीन दिवसांसाठी येणाऱ्याने जुने गाव निवडणे शहाणपणाचे. रात्रीचा बाजार, खाण्यापिण्याची विविधता किंवा पहाटेची बस महत्त्वाची असेल, तर नवे गाव सोयीचे.

हंगाम आणि भाव

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा थंड, कोरडा आणि सर्वांत चांगला हंगाम. मार्च ते मे असह्य उकाडा असतो. पारा चाळिशीला टेकतो. पाऊस मेच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये योम नदीला पूर येतो आणि त्याची झळ मुख्यतः नदीकाठच्या नव्या गावाला बसते. पावसाळ्यात खोल्या सर्वांत स्वस्त आणि उद्यान हिरवेगार असते. मात्र पुराच्या सप्टेंबर-ऑक्टोबरसाठी आगाऊ पैसे भरून ठेवू नयेत. रद्द करता येणारी खोलीच घ्यावी.

एक आठवडा मात्र या सगळ्याला अपवाद आहे. थाई पंचांगातल्या बाराव्या महिन्याच्या पौर्णिमेला लॉय क्राथोंग हा दिव्यांचा सण असतो. केळीच्या सोपटाचे आणि पानांचे छोटे तराफे करून त्यांत फुले, उदबत्ती आणि मेणबत्ती ठेवतात आणि ते पाण्यात सोडतात. ही पौर्णिमा बहुधा आपल्या त्रिपुरी पौर्णिमेलाच येते. घाटावर दिवे सोडणाऱ्या मराठी माणसाला हे दृश्य ओळखीचे वाटेल. सुखोथाईतला उत्सव देशभर प्रसिद्ध असल्याने त्या दिवसांत खोल्यांचे भाव कित्येक पटींनी चढतात आणि महिने आधी आरक्षण संपते. उत्सवच पाहायचा असेल तर तारखा सर्वांत आधी पक्क्या कराव्यात. नसेल तर तो आठवडा टाळावा.

पोहोचायचे कसे

सुखोथाईला स्वतःचा विमानतळ आहे, पण तो एका खासगी विमान कंपनीच्या मालकीचा असून तिकिटे महाग असतात. कमी खर्चाचे मार्ग दोन. पहिला, बँकॉकच्या मो चित बसस्थानकावरून थेट बस. सहा-सात तास लागतात. दुसरा, बँकॉकच्या क्रुंग थेप आफिवत या मध्यवर्ती स्थानकातून रेल्वेने फित्सनुलोकला यायचे आणि तिथून साधारण 60 किलोमीटरचा प्रवास बसने करायचा. फित्सनुलोकच्या विमानतळावर बँकॉकहून कमी भाड्याची विमानेही उतरतात. फित्सनुलोक म्हणजे ‘विष्णुलोक’. सुखोथाईचा विमानतळ ज्या तालुक्यात आहे तो सावनखालोक, म्हणजे ‘स्वर्गलोक’. आणि सी सच्चनालय म्हणजे ‘श्री सज्जनालय’. उच्चार बदलला असला तरी मराठी वाचकाला या भागाचा नकाशा अर्थासह वाचता येतो. मंदिरांच्या नावातला ‘वाट’ हा शब्दही कुंपण या अर्थाच्या संस्कृत-पाली ‘वाट’वरून आला, आपला ‘वाडा’ही त्याच मुळाचा.

खोली निवडताना

खोल्यांचे साधारण तीन प्रकार. सामायिक खोलीतला पलंग 200 ते 350 बाथ, पंख्याची खोली 350 ते 500 बाथ आणि वातानुकूलित खोली 600 ते 1000 बाथ. एक बाथ म्हणजे अडीच ते तीन रुपये. हंगामानुसार हे आकडे खालीवर होतात. डिसेंबर-जानेवारीत रात्री गारवा असतो, तेव्हा पंख्याची खोली पुरते. एप्रिलमध्ये तिथे झोप लागणार नाही.

संकेतस्थळावर दिसणारा भाव आणि अंतिम भाव यांत फरक पडू शकतो. थायलंडमध्ये मूल्यवर्धित कर 7 टक्के आहे आणि मोठी हॉटेले त्याशिवाय 10 टक्के सेवाशुल्क लावतात. छोट्या अतिथिगृहांत सांगितलेला भाव बहुधा सर्व धरून असतो. तरी पैसे भरण्याच्या शेवटच्या पानावरचा आकडाच खरा मानावा. दोन रात्रींपेक्षा जास्त राहायचे असेल, तर पहिल्या रात्रीचे आरक्षण करून पुढचा भाव समोरासमोर ठरवण्याची पद्धत गर्दी नसलेल्या दिवसांत चालते.

चित्रांपेक्षा गेल्या काही महिन्यांतले अभिप्राय जास्त सांगतात. त्यांत तीन गोष्टी शोधाव्यात : गरम पाणी, खिडक्यांना जाळी आणि सायकली. जाळीचे महत्त्व इथे विशेष, कारण जुने गाव तळ्यांनी भरलेले आहे आणि थायलंडमध्ये डेंग्यू आहे. न्हाणीघराची काळजी भारतीयांना नसावी. साध्या खोलीतही संडासात हातातला पाण्याचा फवारा असतो. विजेचा दाब 220 व्होल्ट आहे. आपला दोन गोल काड्यांचा चार्जर चालतो, पण तीन जाड काड्यांच्या प्लगसाठी अडॅप्टर लागतो. नळाचे पाणी पिऊ नये. रस्त्याकडेच्या यंत्रांतून एक-दोन बाथमध्ये बाटली भरून मिळते.

लाकडी अतिथिगृहात राहणाऱ्याला आणखी एका शेजाऱ्याची ओळख हवी. रात्री छताच्या वळचणीतून ‘तोक-के, तोक-के’ असा खणखणीत आवाज येतो. ती वीतभराहून लांब, निळसर अंगावर नारिंगी ठिपके असलेली पाल. थाई लोक तिला तिच्या ओरडण्यावरूनच ‘तुक्के’ म्हणतात. वाटेला गेले नाही तर ती निरुपद्रवी आहे आणि भरपूर किडे खाते.

कागदपत्रे आणि रीतभात

थायलंडच्या 1979 च्या इमिग्रेशन कायद्यानुसार परदेशी पाहुणा आला, की 24 तासांत त्याची माहिती सरकारला कळवणे जागेच्या मालकावर बंधनकारक आहे. म्हणूनच प्रत्येक हॉटेल पारपत्र मागते. त्याची नोंद किंवा प्रत घेऊ द्यावी. पण तारण म्हणून मूळ पारपत्र ठेवून येऊ नये. किल्लीसाठी अनामत मागितली तर ती रोख द्यावी आणि पावती घ्यावी. मे 2025 पासून थायलंडमध्ये उतरण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमन-पत्रक भरावे लागते. ते विनामूल्य आहे आणि त्यात मुक्कामाचा पत्ता लिहावा लागतो, त्यामुळे निदान पहिल्या रात्रीचे आरक्षण हाती असलेले बरे. व्हिसाचे नियम वारंवार बदलतात. निघण्याआधी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर ते पाहून घ्यावेत.

लहान जागी रोख पैसे लागतात. दुकानांतले क्यूआर फलक मुख्यतः थाई बँक खात्यांसाठी असतात आणि परदेशी कार्डावर एटीएम दर वेळी 220 बाथ किंवा त्याहून अधिक शुल्क कापते. म्हणून थोडे थोडे न काढता एकदाच पुरेसे पैसे काढावेत. अतिथिगृहाच्या दाराशी चपलांची रांग दिसली, तर आपल्याही तिथेच काढाव्यात.

जेवणाची सोय

गावाच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या सुखोथाई नूडल्समध्ये तांदळाच्या शेवया, बारीक चिरलेल्या चवळीच्या शेंगा, भाजलेल्या दाण्यांचा कूट, लिंबू आणि ताडगूळ असतो; बरोबर डुकराचे मांस. शाकाहारी माणसाने ‘मांस नको’ एवढेच सांगून भागत नाही, कारण माशांचा आंबवलेला रस जवळपास प्रत्येक पदार्थात पडतो. त्यासाठी ‘जे’ हा शब्द लक्षात ठेवावा. ‘किन जे’ म्हणजे चिनी-बौद्ध व्रताचे जेवण : मांस, मासे, अंडी, दूध आणि शिवाय कांदा-लसूणही वर्ज्य. पिवळ्या फलकावरची लाल अक्षरे ही त्याची खूण. जैन किंवा चातुर्मास पाळणाऱ्या प्रवाशाला याहून सोपा शब्द नाही. जुन्या गावात खाणावळी लवकर मिटतात. रात्रीचे जेवण आठच्या आत उरकावे.

दिवसांची आखणी आणि खर्च

दोन रात्री पुरतात. उद्यानाच्या मध्य, उत्तर आणि पश्चिम विभागांना स्वतंत्र तिकीट आहे. परदेशी माणसाला ते अनेक वर्षे प्रत्येकी 100 बाथ होते, वाढ झाली असल्यास ती धरावी. पहिल्या सकाळी मध्य विभाग : वाट महाथाट, तळ्यातले वाट सा सी आणि मुळात हिंदू देवस्थान असलेले तीन शिखरांचे वाट सी सवाय. दुपारचे ऊन संग्रहालयात काढावे. दुसऱ्या सकाळी उत्तरेला वाट सी चुम. तिथे छप्पर नसलेल्या चौकोनी गाभाऱ्याच्या उंच, चिंचोळ्या फटीतून आधी बसलेल्या बुद्धाचा चेहरा दिसतो; आत गेल्यावर 15 मीटर उंचीची मूर्ती अंगावर येते. मग पश्चिमेच्या टेकडीवर दगडी फरशांची चढण चढून वाट सफान हिन. तिसरी रात्र मिळाली, तर 55-60 किलोमीटरवरचे सी सच्चनालय आणि तिथल्या जुन्या चिनी मातीच्या भट्ट्या पाहाव्यात.

दोघांचा दोन रात्रींचा ढोबळ खर्च असा : 700 बाथची वातानुकूलित खोली धरून 1400, तिकिटे 600, दोन दिवसांच्या सायकली 200, जेवण 1200 आणि बसस्थानकापासूनचे जाणे-येणे 120. एकूण 3520 बाथ, म्हणजे दहा हजार रुपयांच्या आसपास. यात सर्वांत मोठी रक्कम खोलीची आहे आणि तीच तारखांप्रमाणे सर्वांत जास्त हलते. म्हणून आधी तारीख ठरवावी, मग गाव आणि शेवटी खोली. सुखोथाईचा मुक्काम या क्रमाने आखला, की तो स्वस्तही पडतो आणि सोयीचाही.